पामतेल गोठलं तेव्हा

"तेलात चरबी घातली काय हो तुमी?" पुसेगावच्या किराणा दुकानदारानं पंधरा किलोचा डबा माझ्या टेबलावर आदळला. वर तेल, खाली पांढरा थर. "गिऱ्हाईक अंगावर येऊन राहिलं माह्या!"

वारंगा फाट्याजवळच्या तेल पॅकिंग युनिटमध्ये मी सीनियर केमिस्ट. बंदराकडच्या रिफायनरीतून पामतेलाचे टँकर येतात. आम्ही ते तपासतो आणि डबे भरतो. हे तेल मुळात लालसर असतं. खास मातीनं त्याचा रंग काढतात, वाफेनं वास घालवतात, मग थंड करून घट्ट भाग वेगळा करतात. पातळ भाग आपल्या कढईत येतो. त्यात घट्ट भाग जास्त राहिला की थंडीत तेल गोठतं. चरबीबिरबी काही नसते.

हे त्याला समजावलं, पण मनातून मी खूश होतो. तो टँकर प्रणितानं तपासला होता.

प्रणिता हट्टा गावची, नवी केमिस्ट. आल्या आल्या मालकांची लाडकी झाली. "मोरे, काय अक्षर आहे पोरीचं! शिका जरा." बावीस वर्षं नोकरी करून मी आता अक्षर गिरवायचं? माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्यात हेड केमिस्टची जागा रिकामी होती आणि मला ती हवी होती.

मालक आले. "टँकर पास कुणी केला?"

"प्रणितानं," मी लगेच सांगितलं.

तिनं रजिस्टर आणून पान उघडून दिलं. मालकांनी मोठ्यानं वाचलं, "नमुना बर्फात ठेवला, लवकर धुरकट झाला. थंडीत किराण्याला देऊ नये. फरसाणवाल्यांना चालेल, कढईत विरघळतं."

खाली शेरा होता, 'वाचलं. डबे भरावेत.' आणि माझी सही.

"मोरे, वाचलं होतं?"

वाचलं नव्हतं. तिचं अक्षर दिसलं की माझं डोकं फिरायचं. मी सही ठोकायचो आणि पान उलटायचो.

"न्हाई साहेब."

"सर, डबा उन्हात ठेवू का?" प्रणितानं मलाच विचारलं. दुपारपर्यंत तेल निवळलं. दुकानदार वाकून बघत म्हणाला, "व्हय की, बराबर झालं!" बाकीचा माल फरसाणवाल्यांकडे गेला.

हेड केमिस्ट आता प्रणिता आहे. नोंदी मी करतो, सही ती करते. माझं गिचमिड अक्षर ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, अडलं तर विचारायला येते. माणसानं जळावं खुशाल, पण आधी वाचून घ्यावं.