हरणाबाईनं जाळलेले पट्टे

आमच्या गावात शहाण्या माणसांना तोटा नव्हता. पाटील होते, पटवारी होते, काशी करून आलेलेही दोघे होते. रान राखायची अक्कल मात्र एकट्या हरणाबाईला होती, आणि तिला सही करता येत नव्हती. त्यामुळं गुन्हेगार कोण हे ठरवायला कुणाला फार वेळ लागला नाही.

हरणाबाई धनगराची. येरमाळ्याकडची लेक, नऊ वर्षांची असताना या गावात दिली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. सासऱ्याजवळ राहिली, आणि मुलाला जे शिकवायचं ते सासऱ्यानं सुनेला शिकवलं: आग कशी लावायची ते. कुणी म्हणेल, ही कसली विद्या! आमच्या पाटलांनाही तसंच वाटायचं. पण चैत्रात त्यांचे बैल जे गवत खायचे, ते या विद्येमुळंच उभं असायचं.

गावाच्या उशाला डोंगर, आणि डोंगरावर सरकारी रमणा, म्हणजे राखलेलं गवताचं रान. पाऊस सरला की कुसळी कमरेला लागते, माघात वाळते, आणि फाल्गुनात कुणाच्या चिलमीची एक ठिणगी तिला पुरते. एका साली सगळा रमणा जळाला होता. तेव्हा जनावरांनी घरांवरची छपरं ओढून खाल्ली म्हणतात. तेव्हापासून हरणाबाईचा सासरा, आणि त्याच्यामागं ती, पौषात गवत अर्धं ओलं असतानाच रमण्याच्या तीन अंगांनी दहा-दहा हात रुंदीची जागा जाळून काळी करून ठेवायची. चौथ्या अंगाला उघडा खडक. पुढं कधी वणवा आलाच तर या काळ्या जागेवर त्याला खायला काही नसतं, तिथंच विझतो. याला आमच्याकडं पट्टा जाळणं म्हणतात. एवढासा शब्द, पण त्यानंच घात केला.

तिचं काम बघत राहावं असं. घोंगडीतून लोकरीचा पुंजका काढायची, हवेत सोडायची, तो कुठं जातो ते बघायची. गवताची काडी बोटाला गुंडाळायची. न मोडता वळली तर दिवस बरोबर. आग नेहमी वरच्या कडेनं लावायची, हळूहळू खाली उतरेल अशी. "चढाला लागली की घोडी हाय, अक्का," मला म्हणायची, "अन् उताराला माज्यावानी म्हातारी." मागं पाच-सहा बायका निरगुडीचे ओले फाटे घेऊन कडा झोडपत चालायच्या. भुवया म्हणून तिला कधी नव्हत्याच, जळून गेलेल्या. सकाळची लिंगपूजा झाली की मी वहीत चार ओळी लिहिते. दर पौषात त्यात हरणाबाईची नोंद असायचीच.

तेराशे पंचावन्न फसलीत, म्हणजे इंग्रजी शेहेचाळीसच्या आरंभी, रमण्यावर नवा दरोगा आला. शहरातला. उन्हाला भ्यायचा, रुमालाला अत्तर लावायचा. आल्या आल्या दवंडी दिली की रमण्यात कुणी विस्तव नेऊ नये. रमणा कधी पाहिलाही नव्हता. तो आमच्या वाड्याच्या ओसरीवर, माझे थोरले दीर रेवणप्पा यांच्याशेजारी खुर्ची टाकून बसला होता. रेवणप्पा गावचे माली पाटील, म्हणजे सारावसुलीचे. तेवढ्यात हरणाबाई काळ्या तोंडानं डोंगरावरून खाली आली.

"कहाँ से आई? क्या करके आई?" दरोग्यानं विचारलं.

"दोन पट्टे जाळले, सायब. तिसरा उद्या जाळते."

निजामाच्या राज्यात पट्टा म्हणजे जमिनीच्या मालकीचा सरकारी कागद. दरोगा खुर्चीतून उठलाच. "पट्टे जलाए? किसके पट्टे?"

"कुनाचे म्हंजी? सरकारचे!"

यापेक्षा खरं उत्तर कुणी दिलं नसतं, आणि यापेक्षा वाईटही.

आता समजावून सांगणं रेवणप्पांचं काम. पट्टा म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं, लहानपणापासून बघत होते. पण रमण्याच्या पायथ्याचा एक तुकडा त्यांनी बांध सारत सारत आपल्या रानात ओढला होता, आणि त्याचा कागद मागितला असता तर नुसते हात दाखवावे लागले असते. जळालेला कागद कुणी मागत नाही. पंक्तीत बुंदी येताना दिसावी तसा त्यांचा चेहरा झाला.

"सायब, माझाबी पट्टा त्यातच गेला असंल! या बाईचा आमच्या घरात वावर हाय."

दुसऱ्या दिवशी गावातल्या आणखी दोघांचे पट्टे जळाल्याचं निघालं. त्यांच्याकडंही ते कधी नव्हतेच.

हरणाबाईला चावडीत बसवली. तिची विस्तव पाडायची चकमक मुद्देमाल म्हणून काढून घेतली. मी भाकरी घेऊन गेले तर भाकरीकडं बघेना.

"अक्का, मला काय करायचं ते करा म्हनावं, पर आठ दिसांनी. तिसरा पट्टा गावाकडचा हाय. त्यो न्हाय पडला तर रमना जातुया बगा. म्या सुटले न्हाय तरी चालंल."

स्वतःसाठी तिनं एवढंच मागितलं. दुसऱ्या बायकांनी पट्टा जाळावा तर दवंडीचं भ्या.

मला वाटलं, आपली वही आहे की. सहा वर्षं लिहिलेलं आहे, तिथी घालून. मी ती ह्यांच्या हाती दिली, ह्यांनी मुकाट्यानं ओसरीवर नेली. दरोग्याला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून वाचायला कोण? रेवणप्पाच. मी दाराआड उभी. त्यांनी चष्मा पुसला आणि माझंच अक्षर मोठ्यानं वाचलं: "पौष शुद्ध दशमी. हरणाबाईनं पहिला पट्टा जाळला. पौष शुद्ध द्वादशी. दुसरा पट्टा जाळला." पानं उलटत गेले, बोटं मोडत गेले. "सायब, सहा सालांत सतरा पट्टे!"

दरोग्यानं कपाळाला हात लावला.

"गवताचा पट्टा हो, भावजी!" मी दाराआडून म्हणाले.

"बायकांनी कागदाच्या कामात पडू नये," रेवणप्पा म्हणाले. वही घरातल्या बाईची होती हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानात नव्हतं.

वहीही मुद्देमालात गेली. हरणाबाईला दर सोमवारी तालुक्याला हजेरी, आणि रमण्यात पाऊल टाकायची बंदी. पौष गेला. माघात काडी बोटाला गुंडाळली की कट्‌कन मोडायला लागली. हरणाबाई हजेरीला चालत जायची, चालत यायची, आणि वेशीत थांबून वर बघत राहायची.

फाल्गुनात वरून हुकूम आला की जागेवर जाऊन जळालेल्या पट्ट्यांची राख तपासावी. कागदाची राख, दोन महिन्यांनी, डोंगरावर! तरी निघाले. पुढं दरोगा, मग कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढलेले रेवणप्पा, एक चपराशी, आणि ओळख पटवायला आरोपी. गावाकडच्या अंगानंच चढले, जिथं तिसरा पट्टा पडायचा राहिला होता. अर्ध्या चढावर दरोग्यानं सिगारेट पेटवली आणि काडी मागं टाकली. रमण्यात विस्तव नेऊ नये ही दवंडी त्याचीच.

पुढचं मला चपराशानं सांगितलं. मागून फडफड आवाज आला. दरोगा आणि रेवणप्पा धावले ते सरळ वर.

"वर नगा, वर नगा!" हरणाबाई ओरडली. "घोडी हाय ती! आडवं पळा, काळ्यावर या!"

तिनं दरोग्याला कोटाला धरून बाजूला ओढला. रेवणप्पांना ओढायची गरज पडली नाही, तिच्या आधी तेच पोचले. धूर अंगावरून गेला, आग दहा हातांवर येऊन थबकली आणि विझली.

"ये क्या जगह है?" दरोगा खोकत म्हणाला.

"ह्योच पट्टा, सायब. दुसरा. तुमी हुबे हाव त्यो."

जास्त बोलायला तिला वेळ नव्हता. वरचं रान अजून जायचं होतं. तिनं पेटतं गवत उचललं, लोकर सोडून वारा बघितला, आणि काळ्या पट्ट्यापासून आडवी रेघ पेटवत निघाली, वरून खाली उतरणारी आग चढत्या आगीच्या अंगावर घालायला. खालून आम्ही बायका निरगुडी तोडून पहिल्या पट्ट्यावरून वर चढलो. गळ्यातलं लिंग मी पदरात घट्ट बांधलं होतं. सिद्धरामाचं नाव घेत झोडपत होते. कोण कुठल्या घरची हे त्या धुरात दिसत नव्हतं, बरंच झालं. दुपार कलता दोन्ही आगी एकमेकींना भिडल्या आणि विझल्या.

वरचा अर्धा रमणा वाचला. खालचा गेला, आणि पायथ्याशी रेवणप्पांची गवताची भलीमोठी गंजी गेली. गंजी जळाली तेव्हा तिच्याखालून सरकारी हद्दीचा दगड उघडा पडला, चांगला आकडा कोरलेला. इतकी वर्षं देवघरासारखा झाकून ठेवला होता त्यांनी. दरोग्यानं दगड पाहिला, रेवणप्पांकडं पाहिलं, आणि रुमाल नाकाला लावला.

दरोग्यानं वर कळवलं की त्याच्या तातडीच्या बंदोबस्तामुळं निम्मं रान वाचलं. हरणाबाईचं नाव त्यात नव्हतं. निदान खटल्यातूनही गेलं. रेवणप्पांचा तुकडा परत रमण्यात गेला. त्यांचा पट्टा जळाला नव्हता, वाळवीनं खाल्ला होता, असं ते आता सांगू लागले. वही मला मिळाली. चकमक मात्र तालुक्याच्या कुठल्या पेटीत राहिली कोण जाणे, मिळाली नाही.

म्हणून पुढच्या पौषात हरणाबाई खापरी घेऊन आमच्या दारात आली. "अक्का, चुलीतला इस्तू द्या. काडी वळाया लागली."

मी निखारे घातले. ओसरीवर रेवणप्पा पूजा आटोपून बसले होते, कपाळावर ताजं भस्म. तिनं वाकून नमस्कार केला.

"मालक, तिन्ही पट्टे जाळाया चालले. तुमचा काय असंल तर आत्ताच सांगा, मागनं नगं."

रेवणप्पा उठून आत गेले. ती खापरीवर फुंकर घालत डोंगराकडं निघून गेली.