चिखली रोडवरची बाई

मागच्या दिवाळीच्या आधी मोताळ्यात एक गोष्ट फार चवीनं चघळली जात होती. पंचायत समितीतून निवृत्त झालेल्या सुधाकररावांनी म्हणे बुलढाण्यात दुसरं घर केलंय. चिखली रोडला एक बाई आहे, दर मंगळवारी ते तिच्याकडे जातात आणि घरी शरयूवहिनींना सांगतात, दातांच्या डॉक्टरकडे चाललो. कोणी म्हणे बाई विधवा आहे. कोणी म्हणे तिला शाळेत जाणारी एक पोरगी पण आहे, आणि पोरीचे डोळे सुधाकररावांसारखेच घारे आहेत.

बसस्टँडसमोर चाळीस वर्षांपासून माझं शिलाईचं दुकान आहे. माप घ्यायला माणूस हात वर करून उभा राहिला की त्याच्या पोटातलं आपोआप बाहेर येतं, हा माझा अनुभव. त्यामुळे गावातली कुठलीही बातमी आधी माझ्या कात्रीखालून जाते. ही पण गेली. कशी, ते सांगतो.

आधी सुधाकरराव कसे, ते ऐका. अंगानं वाळलेले, बाही मनगटापर्यंत, खिशाला पेन. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी पेन सुटलं नाही. एकतीस वर्षं त्यांनी आवक-जावकचं टेबल सांभाळलं. आलेल्या कागदाला उत्तर गेलंच पाहिजे, हा त्यांचा धर्म. एकदा बियाण्याच्या जाहिरातीचं पत्र त्यांच्या घरी चुकून आलं, तर ह्या गृहस्थानं उलट टपाली कळवलं की आमच्याकडे शेती नाही, तरी आपण आठवण ठेवल्याबद्दल आभारी आहे. आम्ही महिनाभर हसलो. मी तर त्यांना 'आभारीराव' म्हणायला लागलो होतो.

दुसरी खोड त्यांची एकट्याची नाही, आपल्या सगळ्या मुलखाचीच. माणूस भेटला की गाव विचारायचं, मग आडनाव, मग मामाचं गाव, आणि कुठंतरी सोयरीक निघेपर्यंत त्याला सोडायचं नाही. मलकापूरच्या फलाटावर पाणी विकणाऱ्याशीही ते नातं काढत.

आता शरयूवहिनी. त्यांचं माहेर धामणगाव बढे. वडील गेल्यावर भावांनी शेतातला हक्क सोडायच्या कागदावर त्यांची सही घेतली. आपल्याकडे बहिणीला त्या बदल्यात साडी-चोळी मिळते आणि वर 'बहीण मनाची मोठी' असं ऐकायला मिळतं. पण हे भाऊ भले निघाले. त्यांनी दोन लाख चाळीस हजार दिले. जन्मात पहिल्यांदा वहिनींच्या हातात स्वतःचा म्हणावा असा पैसा आला. बँकेचं सगळं सुधाकरराव बघत, म्हणून तो त्यांच्याच खात्यात पडला. वहिनींनी बजावलं होतं, "त्याला हात लावायचा नाही. ते माझं आहे." त्याचं काय करायचं ते अजून ठरवलं नव्हतं. कधी म्हणत दोन पाटल्या करीन, कधी म्हणत काशीला जाईन. हे ठरवण्यातच त्या मजेत होत्या.

आणि मग सप्टेंबरातल्या एका बाजाराच्या दिवशी सुधाकररावांच्या कॉम्प्युटरवर एक ईमेल आला. पुण्याच्या मुलानं, चिन्मयनं, जुना लॅपटॉप दिला होता, त्यावर ते लोकांचे अर्ज टाइप करून देत. ईमेलात लिहिलं होतं, तुमच्या कॉम्प्युटरच्या अँटिव्हायरसची मुदत संपल्यामुळे तीन वर्षांसाठी वाढवली आहे, चोवीस हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये आज तुमच्या खात्यातून कापले जातील, नको असेल तर खालच्या नंबरावर ताबडतोब कळवा.

दुसरा कोणी असता तर वाचून सोडून देता. आवक-जावकवाल्यानं उत्तर दिलं. फोन लावला.

पलीकडचा हिंदीत बोलत होता. सुधाकररावांनी सवयीनं विचारलं, "आप किधर के?"

"अकोला साइड, सर."

"अकोल्यात कोठं? जठारपेठ?"

"हां जी, जठारपेठ."

"आडनाव?"

"काळे."

"काळे म्हणजे वझरचे काळे तर नव्हेत?"

"हां जी, वही, वही."

"अहो, मग तुम्ही आमच्या हिच्या मावशीच्या सोयऱ्यातले!"

बघा आता. त्या माणसानं अकोला आणि एक आडनाव सोडून काही सांगितलं नाही. मोहल्ला ह्यांनीच दिला, गाव ह्यांनीच दिलं, मावशीही ह्यांनीच दिली. त्यानं फक्त 'हां जी' म्हटलं. पुढच्या वाक्यापासून तो 'सर' सोडून 'काकाजी' म्हणायला लागला.

काकाजी, एक ॲप घ्या, म्हणजे मला तुमचा स्क्रीन दिसेल आणि मी इथून रद्द करतो. घेतलं. काकाजी, पैसे कापले की नाही ते बघायला बँक उघडा. उघडली. काकाजी, आता मोबाइलवर एक नंबर येईल, तो सांगा, म्हणजे पैसे परत येतील. सांगितला. असे तीन नंबर आले आणि तिन्ही सांगितले. सोयऱ्याला नाही कसं म्हणायचं? तिसऱ्यानंतर फोन कटला. खात्यात सहाशे बारा रुपये राहिले होते.

वहिनी तेव्हा बाजारात मेथी निवडत होत्या.

इथून पुढचं मला कोणी सांगायची गरज नाही, कारण मी तिथं होतो. दुपारी एकच्या सुमाराला सुधाकरराव माझ्या दुकानाच्या पायरीवर आले. हातात मोबाइल, कपाळावर घाम, शर्टाचं वरचं बटण उघडं. त्यांचं बटण उघडं मी कधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या पानठेल्याचा कचरू आणि बाजाराला आलेला पंजाबराव बाकावर बसले होते.

"गुलाबराव, जरा विचारायचं होतं," ते म्हणाले. "हा मोबाइल..."

मला चान्स मिळाला आणि माझी जीभ सुटली. "काय हो आभारीराव, मोबाइल इतका गरम कोणाशी बोलून झाला? घाम तर पहा! वहिनीले सांगू काय?"

कचरू खो खो हसला. "ह्या वयात, बाप्पा!"

पंजाबराव म्हणाला, "विचारू दे ना बे त्याले. काय म्हणून राह्यला तं ऐक."

"तो काय इचारन? नंबर सेव कसा करतात, हेच इचारन! नाव काय टाकू, हे बी आपल्यालेच इचारन!" मी म्हणालो.

सगळे हसले. सुधाकररावही हसले. ते हसू मला आजही दिसतं. मग म्हणाले, "काही नाही. पायजम्याला नाडी टाकायची होती. नंतर येतो." आणि गेले.

एक वाजला होता. पैसे जाऊन अर्धा तासही झाला नव्हता.

त्या दिवसापासून ते दार लावून फोनवर बोलायला लागले. दर मंगळवारी इस्त्रीचा शर्ट घालून बुलढाण्याच्या बसमध्ये बसायचे. मी विचारलं तर म्हणाले, दात. मी म्हटलं, दाताले इस्त्री कायले लागते? ते बसकडे निघाले. मग मीच उत्तर शिवलं. कचरूला म्हणालो, "चिखली रोडले एखादी बाई असन." 'असन' म्हणालो होतो. संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर ती 'आहे' झाली. आठवड्यात विधवा झाली, पंधरवड्यात तिला पोरगी झाली. डोळ्यांचा घारा रंग मात्र मी स्वतः दिला. ते डोळे मला फार जमले असं वाटलं होतं.

वहिनींच्या कानावर गेलंच. पिठाच्या गिरणीत मंजुळाबाईनं सांगितलं. त्यांनी घरी येऊन सुधाकररावांना विचारलं. आणि ह्या माणसानं काय केलं? हो म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही. नुसता खाली मान घालून बसला. आपल्याला कोणी बाईलवेडा म्हटलं तर चालेल, पण एकतीस वर्षं कागद तपासलेला माणूस एका कागदाला फसला, आणि त्यात बायकोचे माहेरचे पैसे गेले, हे त्यांच्या तोंडून निघेना. वहिनींनी बोलणं सोडलं. आठ दिवसांनी धामणगावला जायची पिशवी भरली.

पिशवी घेऊन त्या बसस्टँडवर उभ्या होत्या. मी मशीनवर होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण मला धागा ओवता येईना. कात्री ठेवली आणि गेलो.

"वहिनी, जाऊ नका. तशी कोणी बाई नाही."

"तुम्हाला काय माहीत, भाऊजी?"

"मले नाही तं कोणाले माहीत? म्याच रचली ते."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला थोबाडीत बसली असती तर बरं वाटलं असतं. मी त्यांची पिशवी उचलली आणि घरापर्यंत त्यांच्या मागं चाललो. 

घरी माझ्या हातातली पिशवी पाहिल्यावर सुधाकररावांनी सगळं सांगितलं. काळे सांगितले, तीन नंबर सांगितले, पोलिसांतल्या तक्रारीच्या कागदांचं पाकीट काढून दाखवलं. बुलढाण्याच्या पोलीस ठाण्यातली बाई पहिल्याच मंगळवारी म्हणाली होती, "बाबा, जे तुम्ही कधी विकत घेतलंच नाही, त्याची मुदत संपेल कशी? त्या पत्रातल्या नंबरावर फोनच करायचा नव्हता. बँकेत जाऊन पाहायचं होतं, कापले का. आणि गेलेच होते तर त्याच घटकेला १९३० ला, फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला, फोन करायचा. पहिल्या तासात पैसा वाटेत अडवता येतो." हे सांगताना सुधाकररावांचा आवाज अगदी कचेरीतला होता, जणू दुसऱ्याचं प्रकरण वाचून दाखवतायत.

वहिनींनी पैशाबद्दल काही विचारलं नाही. म्हणाल्या, "त्याच दुपारी कुणाला तरी का नाही सांगितलं?"

सुधाकररावांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं.

"सुचलं नाही," ते म्हणाले.

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. म्हणून मीच घेतलं. एक वाजताचं सगळं, माझा एकेक शब्द, नाडीसकट सांगितलं. वहिनी ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर उठल्या, सुधाकररावांसाठी चहा टाकला, आणि मला म्हणाल्या, "तुम्ही या आता, भाऊजी."

पोलिसांनी एका खात्यात एकतीस हजार अडवले होते, ते उन्हाळ्यात परत आले. वहिनींनी स्वतःच्या नावानं खातं उघडून त्यात भरले. बँकेत आता त्या स्वतः जातात. साड्यांना फॉल-पिको पूर्वी माझ्याकडे करत, आता बुलढाण्याहून करून आणतात. सुधाकरराव माझ्या दुकानात येतात, बसतात, पण मी काही बोललो की आधी माझ्या तोंडाकडे पाहतात.

चिखली रोडवर कोणतीही बाई नव्हती. सुधाकरराव दर मंगळवारी बुलढाण्याला सायबर पोलिसांकडे जात होते. ती बाई मी रचली होती, आणि ज्या तासात शरयूवहिनींचे पैसे वाचले असते, तो तास मी हसण्यावारी नेला होता.