कापसाचा भाव आणि ईदची कोर

कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या वर्षांत मी अमरावतीच्या शाळेत खगोल शिकवत होतो. वऱ्हाडात तेव्हा कॉलेज कुठलं! माझ्या वर्गात मिशा फुटलेले, लगीन झालेले बाप्ये बसत.

खगोल घेणारे नाना तऱ्हेचे. काहींना वाटे, नुसते तारे पाहायचे, त्यात गणित कुठून येणार? फळ्यावर त्रिकोण काढला की यांची पोटं दुखत. जोशांचा मुलगा काखेत पंचांग मारून यायचा, तो माझी चूक पकडायलाच. एक अत्तरवाल्यांच्या घरचा. त्याला ईदचा चंद्र सगळ्या मोहल्ल्याआधी पाहायचा होता. आणि एक कापूसदलालाचा लेक. कोणत्या ग्रहानं कापूस चढतो ते शिकून ये, म्हणून बापानं धाडलेला!

मी पहिल्याच दिवशी फटकारलं, की शनीला कापसातलं ओ की ठो कळत नाही. सगळे हसले. दलालाचा लेक मात्र हसला नाही. पृथ्वी पडत कशी नाही, हे विचारत माझ्यामागे थेट घरापर्यंत आला. मी हरखूनच गेलो. असा एक भेटला की मास्तरकी पावली म्हणायची.

पण शनीची गोष्ट बापाच्या कानावर गेली. पोराला उचलतो अन् बाजारात बसवतो, म्हणत तो एका संध्याकाळी शाळेत आला. आम्ही शाळेच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छपरावर होतो. ईदचा चंद्र आज की उद्या, असा वाद पेटला होता. जोशी म्हणे उद्या, दलालाचा लेक म्हणे आज. बाप शिडी चढून घामाघूम वर आला.

"भाव सांगत नाही तं आभाय कायले शिकवता, मास्तर?"

माझं टाळकं सरकलं. मी तोंड उघडणार, तोच पोरानं बापाचे खांदे धरून त्याला मावळतीकडे वळवलं आणि लिंबाच्या शेंड्यावर बोट दाखवलं. बाप रागातच पाहत होता. मग त्याचं तोंड उघडंच राहिलं. नखाएवढी कोर! मशिदीकडून अजून चंद्र दिसल्याची हाकही उठली नव्हती. अत्तरवाला दलालाच्या लेकाला मिठी मारून नाचला, जोशीही हसला. मला तर रडूच आलं, काय सांगू.

बापानं पागोटं सावरलं.

"तुह्या मायलेबी दाखव," तो लेकाला म्हणाला. "अन् उद्या शाळा बुडवू नको."

उद्या ईदची सुट्टी होती, पण त्या घटकेला ते सांगायला मी काय येडा होतो?