पंख्यावर पळणारा रोबोट

कुठल्याही कॉलेजात रोबोट कमी आणि रोबोटचे किस्से जास्त तयार होतात. रोबोट मोडला की त्याच्या मोटरी पुढच्या वर्षी कामाला येतात. किस्से मात्र मोडत नाहीत, दर वर्षी थोडे फुगतातच. तिरोड्याजवळच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी रोबोटिक्स क्लबचा इन्चार्ज आहे. इन्चार्ज म्हणजे काही जळाल्याचा वास आला की सगळे ज्याच्याकडे बघतात तो माणूस. चहाला बसलं की कोणीतरी म्हणतंच, "सर, तो पंख्याचा किस्सा सांगा ना." अहो, एक असेल तर सांगू!

*

आधी आमची अब्रू सांगतो. गोंदियाला दर वर्षी रोबोटची स्पर्धा होते आणि दर वर्षी आमचा रोबोट सुरुवातीच्या रेषेवरच मुक्काम करायचा. एकदा वायर निघाली, एकदा चाक निघालं, एकदा तर रिमोटच घरी राहिला. शेवटी प्राचार्या मॅडमनी मला बोलावलं. "या वेळी तुमचा रोबोट शेवटची रेषा ओलांडून गेला, तर क्लबची खोली तुमची. नाही तर ती परीक्षा विभागाला द्यायची आहे." मॅडम बोलतात ते करतात. दुसऱ्याच दिवशी सुतार येऊन कपाटांसाठी खोलीची मापं घेऊन गेला.

ही बातमी मी पायलला कशी सांगितली, ते माझं मला माहीत. पायल म्हणजे आमची कॅप्टन, शेवटच्या वर्षाची. ती खोली तिनं आणि क्लबमधल्या लोकेशनं भंगार उपसून, स्वतः चुना मारून उभी केलेली. पायलच्या घरी दोन खोल्या आणि माणसं सहा, त्यामुळे पोरीचा सगळा जीव इथं. ती एवढंच म्हणाली, "सर, सुताराले म्हणा, घाई करू नको."

*

त्यात यंदा आयोजकांना हुक्की आली. गुळगुळीत फरशीवर कॅरमची पावडर टाकणार आणि त्यावरून रोबोट पलीकडे न्यायचा. आम्ही सरावासाठी आमच्याच व्हरांड्यात पावडर टाकली. चाकं जागच्या जागी गरगर फिरायची आणि रोबोट तिथल्या तिथे! लोकेशनं चाकांना सायकलची ट्यूब गुंडाळली. मग वर वीट ठेवली. वीट तेवढी घसरून पुढे गेली.

इतक्यात आमचे शिपाई श्यामराव चहाचा ट्रे घेऊन कोपऱ्यावरून वळले. पाय पावडरवर पडला आणि ते उभ्याच्या उभे घसरत थेट स्टाफरूमच्या दारापर्यंत गेले. एक थेंब सांडला नाही. ट्रे टेबलावर ठेवून मागे वळले आणि शांतपणे म्हणाले, "सर, तुमच्या रोबोटपेक्षा मीच बरा चालून राहिलो. माझंच नाव देऊन टाका."

*

चाकांचा नाद सोडायची कल्पना पायलची. "जमिनीवर पकडच नाही, तं जमिनीले ढकलायचं कायले? हवेले ढकलू." म्हणजे मागे दोन प्रोपेलर लावायचे. ते हवा मागे फेकतील, रोबोट पुढे जाईल, चाकं नुसती भार वाहायला. मला पटलं. मला बहुतेक गोष्टी पटतात, म्हणून तर मी इन्चार्ज आहे.

ड्रोनचे दोन प्रोपेलर आले. त्यात एक उजवीकडे फिरणारा असतो, एक डावीकडे. लोकेशनं बसवताना अदलाबदल केली, तीही अर्धीच. पायलनं रिमोट दाबला. एक प्रोपेलर रोबोटला पुढे नेई, दुसरा मागे. रोबोट जागेवर असा गरगरला की टेबलावरची माझी हजेरीची पानं खिडकीबाहेर गेली. खाली अंगणात ती वेचता वेचता श्यामराव वर बघून म्हणाले, "भोवरा मस्त बनला जी. दोरी कुठी गुंडाळता?"

*

बोटं कापली जाऊ नयेत म्हणून प्रोपेलरवर जाळी हवी होती. आम्ही दोन जुन्या टेबलफॅनच्या जाळ्या काढून बसवल्या. झालं, त्या दिवसापासून जगातला एकही माणूस त्याला रोबोट म्हणेना.

स्पर्धेआधी एकदा तपासणीसाठी रोबोट गोंदियाला न्यायचा होता. मार्चची दुपार, एसटी खचाखच, लोकेशच्या मांडीवर रोबोट. शेजारच्या आजीनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "बाबू, पंखा हाय तं बंद काऊन ठेवला?"

लोकेश म्हणाला, "आजी, पंखा नाही, रोबोट आहे."

"काही का असंना. फिरव."

पोरगा भिडस्त. त्यानं फिरवला. मागच्या सीटवरून आवाज आला, "भैया, थोडा इधर भी घुमाओ ना." तेवढ्यात कंडक्टर आला. आधी म्हणाला, एवढ्या सामानाचं तिकीट लागेल. मग वाऱ्यासमोर आला, शर्टाचं वरचं बटण काढलं आणि तिकिटाचा विषय विसरला. गोंदिया येईपर्यंत तो तिथून हलला नाही. मागचे प्रवासी त्याला "बाजूला व्हा ना जी" म्हणत राहिले.

तपासणीच्या टेबलावर रोबोट ढिम्म. बॅटरी संपलेली. तिथल्या सरांनी विचारलं, "हा चालतो का?"

लोकेश प्रामाणिकपणे म्हणाला, "बसमध्ये चालून राहिला होता, सर."

*

स्पर्धेच्या आदल्या दिवशी रोबोट लोकेशच्या घरी होता, म्हणजे असायला हवा होता. पायल आणि मी दुपारी त्याच्या गावी पोचलो तर लोकेश दारात रडवेला होऊन उभा. "सर, खोलीत नाही. माय बी घरी नाही."

मी खाटेखाली बघितलं. पायलनं सगळं घर पालथं घातलं. शेवटी मागच्या खळ्यावरून ओळखीची घरघर ऐकू आली. धावत गेलो. लाखोरीच्या शेंगांची मळणी झाली होती आणि उफणायची तर सकाळपासून वारा पडलेला. लोकेशच्या आईनं आमचा रोबोट पाटावर दगडांनी दाबून बसवला होता. ती सुपातून लाखोरी ओतत होती आणि भुसा सरळ रेषेत शेजाऱ्याच्या अंगणात जात होता. शेजारीण हातात सूप घेऊन नंबर लावून उभी होती.

पायल ओरडली, "मावशी, उद्या स्पर्धा आहे त्याची!"

मावशींनी सूप खाली ठेवलं नाही. "तं काय झालं? आजच्या आज त्याची प्रॅक्टिस होऊन राहिली ना." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, यंत्र गुणाचं आहे. फक्त आवाज कमी करा."

रोबोटच्या पोटातून आम्ही मूठभर भुसा काढला. परत येताना पायल गाडीवर मागे बसून जाळीत अडकलेला भुसा काढत होती. मला वाटत होतं, खोली गेली.

*

आता स्पर्धा. गोंदियाचा मोठा हॉल, आरशासारखी फरशी, त्यावर पावडर. पावडरवर चिकटपट्टी चिकटेना, म्हणून आयोजकांच्या मुलींनी रेषा रांगोळीनं काढल्या होत्या. सुरुवातीची पांढरी, शेवटची लाल. पाहुण्यांच्या खुर्च्या सुरुवातीच्या रेषेमागे मांडल्या होत्या. पहिल्याच रांगेत आमच्या प्राचार्या मॅडम, मोतिया रंगाच्या रेशमी साडीत.

आधीच्या बहुतेक टीमची चाकं जागेवर गरगरली. एक रोबोट अर्ध्यात जाऊन आडवा झाला आणि तसाच पडून राहिला. मग आमचं नाव पुकारलं. लोकेशनं रोबोट ठेवला, देवाला करतात तसा त्याला नमस्कार केला आणि बाजूला झाला. पायलनं रिमोट दाबला.

रोबोट सुटला. प्रोपेलरनी हवा मागे फेकायची असते, ती त्यांनी फेकली. त्या हवेत किती पावडर जाईल, याचा हिशोब आमच्यापैकी कोणीच केला नव्हता! पांढरा ढग उठला आणि पहिली रांग दिसेनाशी झाली. खोकल्यांचे आवाज तेवढे येत होते. ढगाच्या पलीकडे कुठेतरी धाडकन आवाज झाला.

ढग बसला. आमचा रोबोट पार पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकला होता, एक प्रोपेलर तुटलेला. मी आनंदानं हात वर केले. तेवढ्यात परीक्षक वाकून फरशी बघू लागले. बघता बघता बरेच पुढे गेले, परत मागे आले.

"शेवटची रेषा कुठाय?"

रेषा नव्हती. लाल रांगोळीचा कण नव्हता. फरशी लखलखीत.

"रेषाच नाही तर रोबोटनं ओलांडली असं मी कसं लिहू?"

पायल म्हणाली, "सर, ओलांडली नाही तं ती उडाली कशी?"

"ते मला माहीत नाही. बाजूनं गेला असेल. कोणी पाहिलं का?"

कोणी काय पाहणार, सगळे डोळे चोळत होते. लोकेशच्या मोबाइलवर व्हिडिओ होता, त्यात शुभ्र पांढरं आणि मागे माझा खोकला. परीक्षक म्हणाले, पुन्हा चालवून दाखवा. लोकेशनं तुटलेला प्रोपेलर दाखवला. पायलनं रिमोट खाली ठेवला. वर्षभर कोणासमोर न रडलेली पोर, आता रडणार हे मला दिसत होतं.

पहिल्या रांगेतली एक खुर्ची सरकली. मॅडम उठल्या. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, चष्मा पांढरा. चष्मा काढून त्यांनी पुसला, परत लावला आणि पदर समोर धरून पाहिला. मोतिया रेशमावर, खांद्यापासून खालपर्यंत, लालभडक रांगोळी.

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. हिंमतच नव्हती.

मॅडमनी परीक्षकांना विचारलं, "सुरुवातीची रेषा कोणत्या रंगाची होती?"

"पांढरी, मॅडम."

"आणि लाल फक्त शेवटची?"

"हो, मॅडम."

मॅडमनी पदर खांद्यावर नीट घेतला आणि खाली बसल्या.

"मग लिहा."