वहिनीचं ‘ॲडजस्ट’

आमच्या मोठ्या वहिनीला इंग्रजीतलं एकच क्रियापद यायचं आणि ते ऐकलं की आजही माझं डोकं भणभणतं. ॲडजस्ट. पाहुणे वाढले, भाजी संपली, की ही चटणीशी भाकर खाऊन मोकळी. “भाऊजी, मी घेतो ना ॲडजस्ट करून!”

तो शब्द तिला मीच दिला. कॉलेजात होतो, परीक्षेसाठी मला दादा-वहिनीची खोली हवी होती. “वहिनी, महिनाभर ॲडजस्ट कर ना.”

“म्हंजे काय?”

“थोडं सांभाळून घ्यायचं.”

ती हसली. “हात्तिच्या! मंग लग्न झाल्यापासून मी दुसरं काय करून राह्यलो?” आणि अंथरूण उचलून स्वयंपाकघरात गेली. घरात बाकी कोणी तो शब्द स्वतःसाठी वापरला नाही. आई, दादा, मी, सगळे दुसऱ्यालाच सांगायचो.

आई गेल्यावर वहिनी आईचा चष्मा लावू लागली. एक दांडी तुटलेली, तिथं दोरा. कापूस वेचताना नीट दिसायचं नाही, बोंडाची टोकं बोटांत घुसायची.

“अगं, दुसऱ्याचा नंबर चालतो का कुठं?” मी ओरडायचो.

“घरचाच त हाय. फेकून कायले द्याचा?”

ओरडून मी यवतमाळला परत. नोकरी, मीटिंग, पुढचा रविवार. दादाचं एकच, वेचणी होऊ दे. दोन हंगाम गेले. घाटंजीच्या घरापासून यवतमाळचा दवाखाना तो किती लांब, तासाभराची एसटी! लाज वाटायला हवी होती आम्हाला.

शेवटी नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. उजवा डोळा गेला, डाव्यात थोडं उरलंय, गेलेलं परत येत नाही. “मुलीचेही डोळे लगेच तपासा. हे रक्तातून येतं.”

मुलगी आर्णीला दिलेली. दवाखान्याच्या पायरीवरूनच मी फोन लावला, स्पीकरवर टाकला.

“काका, मलेबी बाजूचं कमी दिसून राह्यलं,” ती म्हणाली, “पर सोयाबीन काढणं चालू हाय. सध्या ॲडजस्ट करून राह्यलो.”

वहिनीनं फोन हिसकायला हात टाकला. तो आधी माझ्या छातीवर आपटला, मग फोन सापडला.

“कारटे, तुले डोये पाह्यजे का सोयाबीन? आज येत असशील त ये, नाई त मले माय म्हनू नको!”

तीस वर्षांत तिचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. पायरीवरची माणसं वळून पाहू लागली. दादानं मान खाली घातली, मीही.

पोरगी दुपारच्या एसटीनं आली.