सुईणबाईच्या शिव्या

बोलावलं की ती आधी शिव्या द्यायची, मग हात धुवायची. गल्लीतली निम्मी पोरं तिच्याच हातची, पण तिचं नाव विचारायचं कुणाला सुचलं नाही. सगळ्यांची ती सुईणबाई.

लातूरचा नवा जिल्हा झाला, दुष्काळ पडला अन् मॅट्रिक पास झालेली मी बाळंत झाले. तिन्हींत जास्त तोरा माझाच. पोर झालं, वार पडली, पण रक्त थांबेना. तिनं पोर उचलून थेट माझ्या छातीला लावलं. मी नाक मुरडलं. "पहिलं पिवळं दूध घाण असतं. तीन दिवस पाजत नसतात. बोळ्यानं गुळाचं पाणी द्या."

"पाणी? टँकर तुझा बाप आणायलाय का?" माझं पोट चोळत ती म्हणाली, "म्हशीचा चीक गल्लीभर मागत फिरतीस, वड्या करून खातीस. अन् सोताचा घाण व्हय गं, मास्तरीणबाई? पाज! पोर ओढंल तवा पिशवी आवळंल. न्हाई तर रगत जाऊन मरशील."

मरायचं म्हटल्यावर माझं मॅट्रिक उतरलं. पोर ओढू लागलं, पोटात कळ आली अन् हळूहळू रक्ताचा जोर ओसरला. तरी तिनं जीप मागवून मला दवाखान्यात धाडलंच. जाईपर्यंत मी तिला साधं 'बसा'सुद्धा म्हटलं नाही.

परवा सून बाळंत झाली. विहीणबाईंनी बाळाला चाटवायला पिशवीतून मधाची बाटली काढली. मी आधी शिव्या दिल्या, मग हात धुतले.