पडदेवालीचा हुंदका

पडदे शिवणारी बाई लहानपणी सिनेमात होती, असं अख्ख्या गल्लीत पसरलं होतं. आंधळ्या घोड्याच्या त्या गाजलेल्या सिनेमातला अनाथ पोरगा म्हणजे म्हणे हीच, केस कापून आणि विजार चढवून. न्हाव्याने तर कापलेल्या वेणीची लांबीसुद्धा हाताने मोजून दाखवली. यात खरं एवढंच, की सिनेमात बाई नव्हती, बाईचा हुंदका होता. तोही जेमतेम तीन सेकंदांचा.

सिनेमा ज्यावरून निघाला ती मुलांची कादंबरी कोरड्या डोळ्यांनी वाचून संपवलेला माणूस अजून कुणाला भेटलेला नाही. पोरक्या मुलाला जीव लावणारा एकच, आंधळा घोडा. आणि काका तोच विकून टाकतो. त्यावरचा परदेशी सिनेमा आपल्या भाषेत आणायचं ठरलं, तेव्हा बाई एकोणीस वर्षांची होती. स्टुडिओत आवाज फार घुमतो म्हणून भिंतींना जाड पडदे लावायला तिला बोलावलेलं. रेकॉर्डिंग चालू असलं की ती कोपऱ्यात मुकाट बसून पडद्याची दुमड टाचायची.

पोराचा आवाज निर्मात्याच्या भाचीचा. बोलायला पोपट, रडायच्या नावाने मात्र आनंद. रिकाम्या तबेल्याच्या दाराला कपाळ टेकून पोरगा हुंदका देतो, तिथे ही शेळीसारखी ‘बेंऽऽ’ करायची. ध्वनिमुद्रक कपाळ बडवून घ्यायचा, मामा चॉकलेट दाखवायचा, की पुन्हा ‘बेंऽऽ’. सतराव्या खेपेला पडदेवालीला हसू आवरेना. आता हसावं तर ओठांत नऊ टाचण्या धरलेल्या! तोंड उघडलं की एखादी घशात जायचीच. तिने ओठ गच्च मिटून हसू दाबलं, तर ते छातीत अडखळत नाकावाटे असं काही फुटलं, की काचेपलीकडून ध्वनिमुद्रक ओरडला, “हाच! हाच पाहिजे! कोण रडलं?”

बाईने नुसता हात वर केला. बोलणार कशी?

तेव्हापासून चाळीस वर्षं माणसं त्या हुंदक्यावर रुमाल भिजवत आली. सगळ्यांनी बाईचा शब्द मानला, एक तिच्या नणंदेने सोडून. नणंदबाईंची अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कुणी नुसतं खाकरलं तरी त्या नाव सांगायच्या, आणि नाव चुकलं तर खाकरणाऱ्यालाच दोष द्यायच्या.

“आवाजात माझी गल्लत होत नाही,” त्या ठणकावून सांगायच्या. “तो हुंदका त्या पोराचाच. आणि म्हणे ते हसणं? अगं, काळजाला घरं पडतात ऐकून! तू जन्मात कधी रडली आहेस का?”

हे मात्र खरं होतं. बाई कधी रडलेली कुणी पाहिली नव्हती. सासरी निघतानासुद्धा ती मांडवाची कनात किती वाकडी शिवलीय ते बघत होती.

मग गावातल्या थिएटरने तो जुना सिनेमा पुन्हा लावला. रविवारी सकाळी खेळ, आणि खेळ संपला की पडदेवालीचा सत्कार, असं मॅनेजर घरी येऊन सांगून गेला. त्याची पाठ वळताच नणंदबाई म्हणाल्या, “तू सत्काराला उठलीस ना, की मीही उठेन. भर थिएटरात सांगेन, ही थाप आहे म्हणून.”

बाईच्या नवऱ्याचा चेहराच उतरला. “ती बोलली म्हणजे करणार. चारचौघांत शोभा नको. डोकं दुखतंय म्हणून कळव.”

“माझं डोकं कधी दुखलंय?” बाई म्हणाली. “चाळीस वर्षं खोटी ठरत आले, आता आणखी नाही. मी जाणार. आणि वन्संच्याच शेजारी बसणार.”

रविवारी थिएटर खच्चून भरलं. तिसऱ्या रांगेत नवरा, बाई आणि नणंदबाई. घोडा विकला गेला, पोरगा धावत तबेल्याशी आला, आणि जुन्या रिळाने दगा दिला. आवाज ठप्प. पडद्यावर पोराने दाराला कपाळ टेकलं. पोरंटोरं खिदळायला लागली, मागून शिट्टी आली.

नणंदबाई विजयी मुद्रेने बाईकडे वळल्या. “घ्या! पुरावाच गायब! आता ऊठ सत्काराला!”

बाईने त्यांच्याकडे पाहिलं. राँग नंबर जोडून वर ‘बोला’ म्हणणाऱ्या ऑपरेटरचा असतो, तसा तो चेहरा. तिला आतून उकळी फुटली. मोठ्याने हसली असती तर सगळंच मुसळ केरात. तिने ओठ गच्च मिटले. तिकडे पोराचे खांदे हलले, आणि इकडे तिसऱ्या रांगेतून तोच हुंदका निघाला, छातीत अडखळत, नाकावाटे, जसाच्या तसा.

शिट्टी अर्धवट राहिली. चहूकडून नाकं ओढल्याचे आवाज आले. दाराशी उभा मॅनेजर बाहीने डोळे पुसत होता. नणंदबाईंचा चष्मा पार धुरकटला होता. त्यांनी चाचपडत भावजयीचा हात धरला.

“तूच गं ती,” त्या मुसमुसत म्हणाल्या. “आवाज तुझाच, मानलं. पण आता तरी कबूल कर, रडलीस ना?”

“रडलात तुम्ही, वन्सं. मी तुमचं तोंड बघून हसत होते.”